नव्या लॅपटॉपचे आवरण

(कुसगाव, तालुका मावळ येथे प्राथमिक शिक्षकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सभेत शालेय साधनांची निगा या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी सूचना झाली. विषय विस्तृत आहे. तेव्हा त्यातील एकच लहानशी बाब मी आपल्यापुढे मांडणार आहे. शाळेला नवा लॅपटॉप मिळाला म्हणजे त्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून आपण त्याला चिकटणारे पातळ आवरण लावतो. बाजारात त्याला ‘स्किन’ म्हणतात. हे आवरण यंत्राला अपाय न होऊ देता कसे लावावे आणि कोठे लावू नये, एवढाच माझा विषय आहे. बाब क्षुल्लक वाटेल. परंतु याच बाबीपायी मी स्वतः एका वर्गाचे तीन आठवडे बुडविले आहेत. म्हणून ती सांगण्याचा मला अधिकार नसला तरी ते माझे कर्तव्य आहे, असे मी समजतो.

आवरण घालण्याची कला आपल्याला नवी नाही. जूनच्या मध्यास शाळा उघडते, मुलांच्या हाती नवी पाठ्यपुस्तके पडतात, आणि पहिल्या आठवड्यातच आपण त्यांना खाकी कागदाची कव्हरे घालावयास शिकवितो. त्या वेळी आपण मुलांना काय सांगतो? कागद फार ताणू नका; पुस्तक मिटून पाहा, उघडून पाहा; पाठीच्या बाजूला थोडी सैल जागा ठेवा. कव्हर घट्ट बसले तर पुस्तक उघडताना पुठ्ठा निखळतो. म्हणजे पुस्तक उघडता आले पाहिजे ही पहिली अट, आणि ते मळू नये ही दुसरी. लॅपटॉपच्या बाबतीत मी नेमका हाच क्रम विसरलो.

काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो तेथे ग्रामस्थांनी यात्रेच्या खर्चात काटकसर करून शाळेला एक लॅपटॉप घेऊन दिला. गावाच्या पैशाची वस्तू, तिला जपले पाहिजे, या भावनेने मी दुसऱ्याच दिवशी बाजारातून आवरणाची गुंडाळी आणली आणि यंत्राची वरची, आतली व खालची अशी प्रत्येक बाजू मढवून काढली. तळाची बोटभर जागादेखील उघडी ठेवली नाही. आपल्या हातचे काम पाहून मी प्रसन्न झालो.

पंधरवड्याच्या आत यंत्र तापू लागले. पाठ रंगात यावा आणि पडदा काळा व्हावा, असे रोज घडू लागले. मी आधी विजेला दोष दिला, नंतर विक्रेत्याला दिला. तक्रारीचे पत्रही लिहिले. अखेर यंत्र दुरुस्तीला नेले. त्या कारागिराने ते उलटे केले, नखाने आवरणाची कड उचलली, खालची बारीक छिद्रे मला दाखविली आणि एवढेच म्हटले, “गुरुजी, ह्याचं नाक बांधलंय तुम्ही.”

हे सर्व होईपर्यंत तीन आठवडे गेले. त्या काळात चौथीच्या मुलांना जी चित्रे व हालचाली पडद्यावर दाखवावयाच्या होत्या, त्या मला फळ्यावर खडूने काढाव्या लागल्या. वर्गणी देणाऱ्या एका पालकाने वाटेत मला थांबवून विचारले, “गुरुजी, यंत्र बिघडलं म्हणतात?” त्यांना खरे उत्तर देणे मला फार जड गेले. ते मी दिले; पण त्या दिवसापासून या आवरणाच्या प्रश्नाकडे मी गांभीर्याने पाहू लागलो.

यंत्राला नाक असते म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. लॅपटॉपच्या आत आकडेमोड करणारी जी चिप असते ती काम करताना तापते. ती उष्णता तांब्याच्या नळीवाटे एका लहानशा पंख्यापाशी नेलेली असते. पंखा बहुधा तळाच्या छिद्रांतून थंड हवा आत ओढतो आणि बाजूच्या किंवा बिजागरीजवळच्या जाळीतून गरम हवा बाहेर टाकतो. तळाशी रबराची चार बुटकी पावले असतात; तीही याच कामाची. त्यांच्यामुळे यंत्र टेबलापासून किंचित उचललेले राहते व हवेला वाट मिळते. ही वाट बंद झाली की यंत्र प्रथम स्वतःचे काम मंद करते आणि तरीही उष्णता वाढली तर स्वतःला वाचविण्यासाठी बंद पडते. उष्णतेने आतील लिथियम बॅटरीचेही आयुष्य घटते. सपाट पृष्ठावर लावलेल्या पातळ आवरणाने फारसे काही बिघडत नाही. बिघडते ते छिद्रे बुजविल्याने. काही यंत्रांत पंखाच नसतो. तेथे यंत्राचे अंगच उष्णता बाहेर टाकते, म्हणून तेथे जाड आवरण अजिबात वापरू नये.

आपल्या मावळातला एक दाखला देतो. आवणीच्या दिवसांत बायामाणसे डोक्यावर इरले घेऊन चिखलात वाकलेली असत. आता इरल्याच्या जागी प्लॅस्टिकच्या खोळी आल्या आहेत, पण रचना तीच आहे. डोके आणि पाठ झाकलेली, समोरून मात्र सारे मोकळे. इरल्याने हातदेखील झाकून टाकले असते तर माणूस अधिक कोरडा राहिला असता. पण रोप लावले गेले नसते. लॅपटॉपचे आवरण या इरल्यासारखे असावे. ते कामासाठी आहे. कामाच्या आड येणारे आवरण फाडून टाकलेलेच बरे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळतो.

प्रथम आवरणाची निवड. चांगली आवरणे विनाइलची असतात. त्यांच्या पाठीवर दाबाने चिकटणारा गोंद असतो आणि पुष्कळदा त्या गोंदात हवा निघून जाण्यासाठी सूक्ष्म चऱ्या असतात. आपल्या यंत्राच्या नेमक्या नमुन्यासाठी कापलेले आवरण मिळत असेल तर तेच घ्यावे. त्यात छिद्रांच्या व जाळीच्या जागा आधीच मोकळ्या ठेवलेल्या असतात. नमुन्याचा क्रमांक यंत्राच्या तळाशी लिहिलेला असतो. तो अक्षरशः जुळला पाहिजे, कारण एकाच कंपनीच्या दोन नमुन्यांत जाळीची जागा वेगळी असू शकते. कपाटाला किंवा टेबलाला लावण्याचा चिकट कागद लॅपटॉपसाठी वापरू नये. त्याचा गोंद काढताना अंगावर राहतो. धातूच्या वर्खाचे आवरणही टाळावे. बिनतारी जोडणीच्या लहरींना धातू अडथळा करतो.

दुसरी गोष्ट वेळ आणि जागा. आपल्या कुसगाव-लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. त्या दिवसांत धुके खिडकीतून थेट वर्गात येते. दमट पृष्ठावर गोंद नीट धरत नाही व कडा सुटू लागतात. म्हणून हे काम शक्यतो उन्हाळ्यात किंवा दसऱ्यानंतरच्या कोरड्या दिवसांत करावे. पावसाळ्यातच करावे लागले तर यंत्र व आवरण दोन्ही काही तास बंद, कोरड्या खोलीत ठेवावीत. याच्या उलट पौष-माघातील थंडीत विनाइल ताठर होते. तेव्हा सकाळऐवजी दुपारची वेळ बरी. आणि जागा कोणतीही असो, फळ्याजवळची नसावी. खडूची पूड आवरणाखाली अडकली की तिचा उंचवटा कायमचा राहतो आणि खरडल्यास तीच पृष्ठावर ओरखडा काढते. जमीन ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, छताचा पंखा बंद करावा आणि हात धुऊन कोरडे करावेत.

तिसरी गोष्ट यंत्राची तयारी. यंत्र केवळ मिटू नये, तर पूर्णपणे बंद करावे. विजेची तार काढावी, पेन ड्राइव्ह वगैरे जोडलेले असेल तर तेही काढावे. तळाशी असलेला अनुक्रमांक जडवस्तू संग्रह नोंदवहीत उतरवून घ्यावा व त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. हमीपत्र वाचावे. मग मऊ कापड किंचित ओलसर करून पृष्ठ पुसावे व कोरड्या कापडाने लगेच टिपून घ्यावे. बोटांचे तेलकट डाग असतील तर कापडावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन बाहेरचे कठीण पृष्ठ तेवढे पुसावे. पडद्याला ते लावू नये, आणि रबरासारखा मऊ लेप असलेल्या पृष्ठालाही लावू नये. कोणताही द्रव यंत्रावर थेट ओतू किंवा फवारू नये. मोटारगाड्यांवर चित्रे चिकटविणारे कारागीर साबणाचे पाणी शिंपडून आवरण सरकवितात, हे आपण पाहिले असेल. ती पद्धत गाडीच्या पत्र्यासाठी ठीक आहे. लॅपटॉपवर ती कधीही वापरू नये.

चौथी गोष्ट प्रत्यक्ष चिकटविणे. यंत्र मिटलेल्या स्थितीत सपाट टेबलावर, खाली मऊ कापड घालून ठेवावे. मागचा कागद न सोलता आवरण आधी नुसते ठेवून पाहावे. चारही कडांना सारखे अंतर सुटते की नाही ते पाहावे. मग एका कडेचा कागद दोन बोटे सोलून मागे दुमडावा, ती कड जुळवून हलकेच टेकवावी, आणि पुन्हा एकदा तिरपे झाले नाही ना ते पाहावे. हा गोंद दाबाने व वेळेने घट्ट होत जातो. म्हणून सुरुवातीस चूक झाली तर आवरण सावकाश उचलून पुन्हा ठेवता येते. जागा बरोबर बसली की एका हाताने उरलेला कागद थोडा थोडा ओढीत दुसऱ्या हाताने मधून कडांकडे मऊ कापड फिरवीत जावे. आवरण ताणून बसविण्याचा मोह होतो, तो आवरावा. ताणलेले विनाइल कालांतराने मूळ आकाराकडे आखडते व कोपरे उचलले जातात.

मधे हवेचे बुडबुडे राहिले तर जवळच्या कडेकडे हळूहळू सारावेत. येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. लॅपटॉपच्या झाकणाच्या पाठीमागेच पडदा असतो आणि झाकण पातळ असते. बुडबुडा जात नाही म्हणून अंगठ्याचा जोर लावाल किंवा एटीएम कार्डाची कड रोवाल, तर बुडबुडा जाईल आणि पडदाही जाईल. तळहाताचा जेवढा भार पुरतो तेवढाच द्यावा. लहानसा बुडबुडा राहिला तर राहू द्यावा. त्याने पाठ अडत नाही. कोपरे बसत नसतील तर केस वाळविण्याचे यंत्र वीतभर अंतरावरून काही क्षण फिरवावे व विनाइल मऊ झाले की बोटाने बसवावे. आणि जास्तीचा भाग यंत्रावर ठेवून पात्याने कधीही कापू नये. आवरणाबरोबर खालचे अंगही कापले जाते. कापायचे ते आधी कागदावर मोजून, बाजूला ठेवून कापावे.

पाचवी गोष्ट कोठे लावू नये ही, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. हवेची छिद्रे व जाळ्या, रबरी पावले, बिजागरी, तारा जोडण्याच्या जागा, आवाजाची जाळी, बोललेले ऐकण्याचे बारीक छिद्र, कॅमेरा, लहान दिवे आणि अनुक्रमांकाची पट्टी या जागा उघड्याच राहिल्या पाहिजेत. आतल्या बाजूस विशेष जपावे. यंत्र मिटले असता कळफलक व पडदा यांच्यात फार थोडी फट असते. कळफलकावर जाड रबरी आच्छादन ठेवून किंवा कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकची सरकती झडप चिकटवून झाकण मिटल्यास पडद्यावर दाब येतो. २०२० साली ॲपल कंपनीने आपल्या लॅपटॉपबाबत अशीच जाहीर सूचना दिली होती की, कॅमेऱ्यावर झडप असताना झाकण मिटू नये, आणि काही लावणे भागच असेल तर ते छपाईच्या साध्या कागदापेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा, जाड नसावे.

छिद्रे कोठे आहेत ते डोळ्यांनी नेहमी उमगत नाही. त्यासाठी एक सोपा प्रयोग सांगतो. हे आवरण लावण्याच्या आदल्या दिवशी करावे. यंत्र चालू करून त्याच्या दोन कडा दोन पुस्तकांवर टेकवाव्यात, म्हणजे तळ मोकळा राहील. थोडे काम करून ते तापले की वहीच्या कागदाची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी हातात धरून सर्व बाजूंनी फिरवावी. जेथे पट्टी बाहेर फडफडते तेथून गरम हवा निघते. जेथे ती यंत्राकडे ओढली जाते तेथून थंड हवा आत जाते. त्या जागा कागदावर आकृती काढून नोंदवाव्यात. हा प्रयोग मी आता दरवेळी मुलांच्या हातून करून घेतो. मग तीच मुले जुन्या वर्तमानपत्राचा यंत्राच्या मापाचा साचा कापतात, लांबी-रुंदी मोजतात, मध्यबिंदू काढतात आणि नोंदविलेल्या जागी खिडक्या पाडतात. विज्ञान व गणित या दोन्ही विषयांचा एक तास त्यात चांगला जातो. शिवाय ज्या मुलाने स्वतः हवेची वाट शोधली आहे, ते मूल पुढे लॅपटॉप गोधडीवर किंवा उशीवर ठेवीत नाही. त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आवरण जुने झाले किंवा चुकीचे बसले तर काढावे कसे, हेही सांगितले पाहिजे, कारण माझी दुसरी चूक तेथेच झाली. कारागिराने दोष दाखविताच मी घरी येऊन रागाने ते आवरण ओरबाडून काढले. गोंद अंगावर राहिला. तो मी रंगात मिसळण्याच्या थिनरने पुसला आणि प्लॅस्टिकची झिलई त्याबरोबर निघून गेली. नखांचा रंग काढण्याचे ॲसिटोनही असेच कित्येक प्लॅस्टिकांना विरघळविते. योग्य रीत अशी की, आवरण कोमट हवेने मऊ करावे, कोपरा उचलावा, आणि ते वर न ओढता पृष्ठाला जवळजवळ समांतर मागे दुमडीत सावकाश काढावे. राहिलेला गोंद आवरणाच्याच चिकट बाजूने टिपून टिपून उचलावा व शेवटचा अंश कापडावरील थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. माझ्या त्या यंत्रावर तळहाताएवढा पांढुरका डाग अखेरपर्यंत राहिला. नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात त्याचे कारण मी माझ्या नावानिशी लिहिले आहे.

हे आवरण काय करू शकत नाही, याविषयीही भ्रम नसावा. ते ओरखडे व मळ अडविते, इतकेच. यंत्र हातातून पडले तर ते वाचवीत नाही. त्यासाठी आतून मऊ असलेली पिशवी लागते. कळफलकावर चहा सांडला तर ते उपयोगी पडत नाही. त्यासाठी चहाचा पेला दूर ठेवण्याची सवय लागते. आणि गळक्या छपराखाली ठेवलेल्या यंत्राला जगातील कोणतेही आवरण तारीत नाही.

मित्रहो, आता शेवटचा मुद्दा. १ मे १९६२ रोजी आपल्या राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. तेव्हापासून ग्रामीण प्राथमिक शाळेत किती तरी साधने आली. १९८७ साली सुरू झालेल्या खडू-फळा योजनेत विज्ञानाच्या व गणिताच्या पेट्या आल्या, नकाशे आले, खेळणी आली. त्यांतील काही पेट्या वर्षानुवर्षे कपाटातच राहिल्या, हे आपल्यातील ज्येष्ठ मंडळींना ठाऊक आहे. त्यामागे आळस होता असे मी म्हणणार नाही. पुष्कळदा भीती होती. वस्तू मोडली तर जाब कोण देणार? लॅपटॉपविषयीही हीच भीती आपल्या मनात असते. माझ्या परिचयाच्या एका शाळेत यंत्र इतके जपले गेले की ते खोक्यातून क्वचितच बाहेर आले. दीड वर्षाने ते उघडले तेव्हा बॅटरी कामातून गेली होती. लिथियम बॅटरी पूर्ण उतरलेल्या स्थितीत पडून राहिली की खराब होते. उन्हाळ्याच्या सुटीत यंत्र ठेवायचे झाले तरी बॅटरी निम्मी भरून ठेवावी, आणि सुटीतच एकदा ती तपासावी, हे या निमित्ताने लक्षात घ्यावे.

मी यंत्राची प्रत्येक बाजू मढविली आणि त्या शाळेने ते कपाटात ठेवले. दोघांचा हेतू एकच होता, आणि दोघांची चूकही एकच. वस्तू जपायची ती मुलांच्या उपयोगासाठी, एवढे आम्ही दोघेही विसरलो. वापराने झाकणावर पडलेला ओरखडा मला आता तितकासा बोचत नाही. ज्या वर्गाने तीन आठवडे काही पाहिले नाही, तो वर्ग मात्र पुढच्या इयत्तेत निघून गेला; त्याला मी ते तास परत देऊ शकलो नाही.

तेव्हा आपणांस माझी एकच विनंती आहे. येथून परत गेल्यावर आपापल्या शाळेतील लॅपटॉप उद्या एकदा उलटा करून पाहावा. त्याच्या तळाची छिद्रे मोकळी आहेत ना, पावलांवर काही चिकटलेले नाही ना, एवढे तपासावे. काही झाकले गेले असेल तर घाई न करता, ऊब देऊन, सावकाश मोकळे करावे. आणि मग तो मुलांसमोर ठेवून चालू करावा.